पंचमीला गांडूळ मरत नाही

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे माळ्यावरून एक पोतं खाली उतरवलं. मी स्टुलावर, ती खाली स्टूल धरून. त्या स्टुलाचा एक पाय आखूड. कोणता, ते तिला माहीत, मला कधीच नव्हतं.

"डावीकडे झुकू नका."

"पोतं डावीकडेच हाय."

"मंग पोत्याले सांगा इकडे सरकाले. पडसान तं मी उचलणार नाही, आधीच सांगून ठेवते."

पोतं खाली आलं, धूळ आधी आली. शिंका देऊन झाल्यावर तिनं पदरानं एक वही पुसली आणि उघडली. "हे काय लिवून ठेवलं? नऊ, नऊ, आठ, आठ, सहा."

"जिते गांडूळ."

"चार वर्सं गांडूळ मोजत बसले. घरातले लेकरं किती हायेत, थे कधी मोजलं का तुमी?"

"दोन."

"बरं झालं सांगतलं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं असेल. जन्मभर माझं काम मोजायचं होतं, कारण सांगायचं काम साहेबांचं.

ते पोतं का काढलं ते सांगतो. मी वानखडे. अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात बत्तीस वर्षं होतो. कागदावर परिचर, तोंडी 'ए वानखडे'. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. काचेच्या नळ्या धुणं, माती चाळणं, कुंड्या भरणं आणि आमचे सर सांगतील ते मोजणं हे माझं काम. बारा-तेरा वर्षांपूर्वी सरांकडे नॅनो जस्ताचं काम आलं होतं.

नॅनो म्हणजे काय, हे लोक विचारतात. जस्त माहीत आहे ना, पत्र्याला लावतात ते. त्याची भुकटी करा. ती इतकी बारीक करा की डोळ्याला दिसणं सोडा, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये. झालं नॅनो. आता यात भ्यायचं काय? तर बघा, आख्खी मिरची ताटात पडली असली तर कोणाला काही होत नाही. तीच कुटून हवेत उडवा, सगळी गल्ली खोकत बसते. वस्तू तीच, बारीक झाली की वागणं बदलतं. हे जस्त खत म्हणून शेतात टाकायचं म्हणतात. मग टाकण्याआधी मातीतल्या जीवांना ते सोसतं का, हे पाहिलं पाहिजे. ते पाहायला गांडूळ.

एका कुंडीत दहा गांडूळ. एका कुंडीत काहीच टाकायचं नाही, ती कोरी कुंडी. बाकीच्यांत जस्त कमी-जास्त. उन्हाळ्यात अकोल्याच्या गर्मीनंच गांडूळ मरतात, जस्ताला काही करायची गरज पडत नाही. म्हणून प्रयोग दरवर्षी श्रावणातच, अठ्ठावीस दिवसांचा. सर मोठे हट्टी. दुसरीकडे बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा मोजायचे, आमच्याकडे रोज. रोज माती उकरायची, एकेक गांडूळ काढायचं आणि बारीक ब्रशनं त्याच्या डोक्याला शिवायचं. आक्रसलं तर जिवंत. आता गांडुळाचं डोकं कोणत्या बाजूला, हे ओळखायलाच मला पहिलं वर्ष लागलं. तोवर मी बरेच जिवंत गांडूळ मेले म्हणून काढणार होतो, सरांनी वेळेवर पाहिलं.

पक्कं रजिस्टर केंद्रात होतं. ते वाळवीनं खाल्लं. माझ्या कच्च्या वह्या मी घरी नेल्या होत्या, त्या बायकोच्या माळ्यावर सुखरूप. वाळवीची तिच्या माळ्यावर चढायची हिंमत नव्हती.

या जानेवारीत एका लेले मॅडमचा फोन आला. ही पोरगी मूळची पुण्याची, तिशीतली, बरीच वर्षं बाहेरदेशात शिकून आलेली आणि आता आमच्याच केंद्रात. तिचं काम असं: वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या साहेबांच्या नॅनोच्या प्रयोगांच्या नोंदी गोळा करायच्या, त्या संगणकात एका तक्त्यात आणायच्या आणि सगळ्यांना एका मापात बसवायच्या. म्हणजे कोणतं नॅनो किती टाकलं की धोका, हे कोणत्याही देशातल्या माणसाला एका जागी पाहता यावं. मी ऐकलं आणि म्हटलं, चार घरचा स्वयंपाक एका ताटात वाढायचा आणि मीठ सारखं लागलं पाहिजे, असंच ना? ती म्हणाली, "काका, असंच. मी हे पहिल्या पानावर लिहू का?" मी म्हटलं लिहा. लिहिलं नाही.

तिनं वह्या मागितल्या म्हणून पोतं उतरवलं होतं, पण बायको गेल्यावर मी कुठे जाणार नव्हतो. पाडवा झाला, घरात भिंती बघून बघून मला भिंतींचे पोपडे पाठ झाले, तेव्हा पोतं सायकलला बांधलं आणि गेलो.

तिथे हरणे आधीच बसलेला. हा भास्कर हरणे अमरावतीच्या एका कॉलेजात माझ्यासारखाच परिचर होता, आता बडनेऱ्याला राहतो. त्याच्या साहेबांनीही तेव्हा जस्ताचा तसाच रोजच्या मोजणीचा प्रयोग केला होता, तीन वर्षं. त्याचे साहेब आणि आमचे सर एकमेकांशी बोलत नसत, म्हणून आम्हीही बोलत नसू. आता दोघांचेही साहेब रिटायर होऊन लांब गेलेले, मग आम्हाला बोलावंच लागलं.

"काऊन बे वानखडे, जिता हाय अजून?"

"ब्रश लावून पाह्य डोक्याले."

असं आमचं सुरू झालं.

मॅडमच्या तक्त्यात खाने, म्हणजे रकाने, होते. कोणता पदार्थ, किती बारीक, किती टाकला, कोणता दिवस, किती जिवंत, किती मेले. शेवटचा खाना होता 'नोंद कोणी केली'. त्यात मॅडमनं माझं आणि हरणेचं नाव टाकलं. माझं नाव छापलेलं मी तोवर दोनदाच पाहिलं होतं, लग्नपत्रिकेत आणि रिटायर होणाऱ्यांच्या यादीत. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नव्हतं. मी तो खाना मॅडमला रोज एकदा उघडून दाखवायला सांगायचो. हरणे हसायचा, पण खुर्ची जवळ ओढून तोही बघायचा.

पहिलं भांडण चमच्यावरून झालं. जस्त वाळूत मिसळून ठेवलेलं असायचं आणि आम्ही ते चमच्यानं टाकायचो. माझ्या वहीत 'एक चमचा', हरणेच्या वहीत 'अर्धा चमचा'. मॅडमनं विचारलं, "चमचा म्हणजे किती?"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "चमचा म्हणजे चमचा."

शेवटी दोघांना आपापला चमचा आणायला सांगितलं. माझा डब्यात कुलूप लावून ठेवलेला होता. हरणेनं त्याचा रेशमी रुमालात गुंडाळून आणला, जसा काही देव. मॅडमनं विचारलं, इतकी वर्षं कुठे होता हा?

"घरीच होता. सून याच्यानंच मले खोकल्याचं औषध देते."

मॅडम उभी राहिली. "नॅनोच्या चमच्यानं?"

"धुतलेला हाय, मॅडम."

"काका, तुम्हाला काही त्रास?"

"खोकला जात नाही तेवढा."

चमचे दहा दहा वेळा भरून तोलले. हरणेचा अर्धा माझ्या पूर्णाहून भारी निघाला. तोपर्यंत तक्त्यात अमरावतीचे गांडूळ नाजूक आणि अकोल्याचे पैलवान दिसत होते. मला ते बरोबरच वाटत होतं. चमचे तोलल्यावर सगळे गांडूळ सारखे झाले.

"तुहा अर्धा एवढा?"

"अमरावतीचा हात मोठा असते," हरणे म्हणाला.

एकदा तिसऱ्या प्रकल्पाच्या नोंदी आल्या, मोठ्या शहरातल्या, टाईप केलेल्या, चकचकीत. त्यात दर शनिवारी-रविवारी खाने मोकळे. हरणे म्हणे, "त्यायचे गांडूळ सुट्टीले घरी जातात काय?" आम्ही पोट धरून हसलो. मी मॅडमला छाती काढून सांगितलं, "माह्या वहीत एकही दिवस मोकळा नाही. चार पावसाळे, एकही नागा नाही." मॅडम म्हणाली, "म्हणून तर तुमच्या वह्या माझं सोनं आहेत, काका."

आणि चौथा एक प्रकल्प होता. त्याच्या नोंदी मॅडमनं मुळासकट उडवल्या. कारण तिथल्या माणसानं घरी बसून आकडे लिहिले होते. एका ठिकाणी खोटं सापडलं की मी आख्खी वही काढते, असं ती म्हणाली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मीच आधी.

जूनच्या सुरुवातीला, कूलरपुढे बसून मी आकडे वाचून दाखवत होतो. मॅडम एकदम ओरडली, "काका! हे बघा!"

पडद्यावर सात रेघा होत्या. चार माझ्या चार वर्षांच्या, तीन हरणेच्या. रेघा खाली खाली येत होत्या, म्हणजे गांडूळ मरत होते. पण प्रत्येक रेघेत एका दिवशी सपाट पायरी. त्या दिवशी कोणत्याही कुंडीत एकही गांडूळ मेलं नाही, जास्तीत जास्त जस्ताच्या कुंडीतही नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मेले.

"सातही वेळा," मॅडम म्हणाली. "मी तीन आठवडे झाले शोधते आहे. तारीख दर वर्षी वेगळी. पाऊस लावून पाहिला, जुळत नाही. तापमान नाही. वीज गेली होती का, तेही नाही. शेवटी काल मी चंद्र लावला."

"चंद्र?"

"अमावस्येपासून बरोबर पाचवा दिवस! सातही वेळा, काका! चंद्राचा आणि नॅनोचा संबंध आजवर कोणी पाहिलेला नाही!"

हरणेनं माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

श्रावण, शुद्ध पंचमी. पुण्यात वाढलेल्या आणि बाहेरदेशात शिकलेल्या पोरीच्या फोनमधल्या कॅलेंडरात नागपंचमी येत नसेल. आमच्याकडे पंचमीला कोणी जमीन खांदत नाही. वखर नाही, कुदळ नाही, घरात विळी-चाकूसुद्धा नाही, चुलीवर तवा नाही. मातीखाली जीव असतो, त्याला दुखवायचं नाही. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन निघालो तर बायको दारात आडवी.

"आज माती उकरणार तुमी?"

"नोकरी हाय. गांडूळ मोजायचे हायेत."

"गांडूळ म्हणजे कोण? नागाचा लहान भाऊच नं थो? आजच्या दिवशी त्याच्या घरात हात घालता? साहेबाले सांगा, आज मोजत नाही म्हणा. साहेबही कोणाच्या तरी पोटचाच असन."

आणि एवढ्यावर थांबली नाही. पुडीत ज्वारीच्या लाह्या बांधून माझ्या मागे केंद्रात आली आणि सगळ्या कुंड्यांवर मूठ-मूठ लाह्या टाकून, हात जोडून, परत गेली. मी माती उकरली नाही. सरांनाही सांगितलं नाही. सर रागीट होते आणि इतक्या वर्षांनीही मला कायम व्हायचंच होतं. कालचेच आकडे आजच्या ओळीत उतरवले. संध्याकाळी ती म्हणाली, "सांगतलं साहेबाले?"

"हाव."

"काय म्हणे?"

"बरं म्हणे."

दरवर्षी लाह्या, दरवर्षी हाच प्रश्न, दरवर्षी हाच जबाब. चार वेळा.

हरणेला मी बाहेर चहाच्या टपरीवर ओढलं. "तू बी?"

"मंग! आमच्या घरी त्या दिवशी काकडी चिरत नाही, मी गांडूळ उकरू?"

"मंग मोकळं काऊन नाही सोडलं?"

"तू काऊन नाही सोडलं?"

दोघांनी चहा प्यायला.

"आता गप राह्य," हरणे म्हणाला. "तिनं त्या चौथ्याचं काय केलं थे पाह्यलं नं? टाळ्या आपणच वाजवल्या. सांगतलं तं तुह्या चार वह्या गेल्या, माह्या तीन गेल्या, नावं निघाले. चंद्रावर घालून राह्यली तं घालू दे. चंद्र काही तक्रार कराले येत नाही."

मला ते पटलं, हे कबूल करतो. चार वर्षं रोज माती उकरली, त्यातले चारच दिवस खोटे. त्या चार दिवसांसाठी बाकीचे सगळे का जावेत? बायको असती तर तिला विचारलं असतं. मग लक्षात आलं की तिलाच विचारता आलं नसतं, कारण तिला आधी सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमची मोठी बैठक होती, पडद्यावरची. बाहेरदेशातले साहेब, दिल्लीचे साहेब, सगळे आपापल्या चौकोनात. आदल्या दिवशी मॅडम म्हणाली, "काका, तुम्ही दोघंही बसा. प्रत्यक्ष मोजणारी माणसं आमच्याकडे आहेत, हे मला दाखवायचं आहे. एवढंच सांगा की त्या दिवशी तुम्ही स्वतः मोजलं."

मेलो. आता गप राहणंही पुरत नव्हतं, तोंडानं बोलावं लागणार होतं.

मी शुक्रवारी दहालाच गेलो. म्हटलं तिला एकटीला सांगू. ती फोनवर. नंतर वायरी जोडत होती. मी म्हटलं, "मॅडम, थोडं बोलायचं होतं." ती म्हणाली, "काका, नंतर. आधी चष्मा पुसा, कॅमेऱ्यात चमकतो." मी पुसला. परत गेलो तर म्हणाली, "बसा, सुरू झालं."

हरणे नवा शर्ट घालून, कपाळाला अष्टगंध लावून आलेला. मॅडमनं इंग्रजीत बरंच सांगितलं, चंद्र दाखवला, रेघा दाखवल्या. चौकोनातले साहेब पुढे सरकून बघायला लागले. मग तिनं हरणेला विचारलं, "त्या दिवशी गांडूळ कसे होते?"

हरणे कॅमेऱ्याकडे वाकला. "एकदम टवटवीत, साहेब. जसे काही लग्नाले आले."

मॅडमनं भाषांतर केलं. साहेबांनी लिहून घेतलं. खरोखर लिहून घेतलं, मी पाहिलं. कोणत्या देशात कोण आता हे वाचणार आणि कुठल्या शेतकऱ्याला सांगणार की पंचमीला टाक बिनधास्त, हे माझ्या डोक्यात आलं. मॅडम माझ्याकडे वळली. "वानखडे काका?"

मी उभा राहिलो. बसून बोला, कॅमेऱ्यात पोट येतं, असं ती म्हणाली. बसलो.

"मॅडम, मी बोलतो थे जसंच्या तसं सांगा. त्या दिवशी नागपंचमी असते. आमच्याकडे माती उकरत नाहीत. आमी मोजलं नाही. आकडा आदल्या दिवशीचा लिवला. चंद्राचा काही कसूर नाही."

मॅडमनं भाषांतर केलं नाही. हरणेनं डोळे मिटले, जसं काही पूजा चालू आहे.

मग दिल्लीच्या चौकोनातले एक पांढऱ्या केसांचे साहेब हसायला लागले. खुर्चीतून पडतील असे हसले. ते मूळचे खानदेशातले निघाले. "अरे, आमच्या आजीनं त्या दिवशी मला खेळायला खड्डासुद्धा करू दिला नव्हता," मराठीत म्हणाले आणि त्यांनीच सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं.

एका बाहेरदेशातल्या साहेबानं विचारलं, त्या दिवशी कुंड्यांना काहीच केलं नाही का? मॅडमनं दगडासारख्या आवाजात मला मराठीत विचारलं. आता खरं बोलायला बसलोच होतो.

"लाह्या टाकल्या. माह्या बायकोनं."

"लाह्या?"

"ज्वारीच्या. नैवेद्य म्हणून."

हे साहेबापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, प्रयोगातल्या गांडुळांना लाह्या घातल्या?

"सगळ्या कुंड्यायले सारख्या घातल्या," मी म्हटलं. "कोऱ्या कुंडीलेही. तिनं भेदभाव नाही केला." हे ऐकून तो साहेब गंभीर झाला आणि मान हलवून म्हणाला, ते मात्र बरोबर केलं.

मग त्यानं विचारलं, न मोजायचं कोणी ठरवलं?

बायको उत्तर द्यायला नव्हती. तिच्यावर ढकललं असतं तर कोणाला कळलं नसतं. आणि अर्धं तर खरंच होतं. मी म्हटलं, "माती उकरू नका, साहेबाले सांगा, असं बायको म्हणाली होती. सांगतलं नाही थो मी. आकडा लिवला थोही मी."

बाहेरदेशातल्या साहेबानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, आमच्याकडेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोण मोजतं हे आता मला जाऊन विचारावं लागेल. त्यावर दोन चौकोनांनी आपापले कॅमेरे बंद केले.

बैठक संपली. मॅडमनं संगणक मिटला. "तीन आठवडे, काका. मी त्या पायरीवर तीन आठवडे घालवले."

"मले माहीत हाय."

"आधी सांगायचं ना!"

"सांगाले आलतो. तुमी चष्मा पुसाले लावला."

ती हसली नाही. "मोकळं सोडलं असतं तर काही बिघडलं नसतं. मोकळ्या खान्याला माझ्याकडे जागा आहे. सुट्टी, आजारी, लाईट गेली, काहीही लिहिता येतं. खोट्या आकड्याला जागा नाही. आता बाकीचे दिवस मोजले हे मी कशावरून मानू?"

ज्या पोरांवर शनिवार-रविवारसाठी हसलो, ती पोरं आमच्याहून खरी निघाली. मी पोत्यात वह्या भरायला लागलो. मॅडमनं एक वही माझ्या हातातून ओढून घेतली, पंचमीचं पान उघडलं आणि बघत राहिली. मग भिंग आणलं.

"काका, हे डाग कसले?"

"मातीचे. कुंडीजवळ बसूनच लिवत होतो. हात कुठी धुणार?"

वहीच्या प्रत्येक ओळीवर काळ्या मातीचं बोट होतं. सगळ्या ओळींवर. पंचमीच्या ओळीवर नव्हतं. ती ओळ स्वच्छ, धुतल्या हातानं लिहिलेली. मॅडमनं दुपारभर बसून चारही वह्यांतले दिवस भिंगाखाली घातले. स्वच्छ ओळी बरोबर चार निघाल्या. हरणेच्या वह्यांवर माती नव्हती, तंबाखूच्या खर्ऱ्याचे डाग होते आणि ते पंचमीलाही होते. पण चमचे तोलल्यावर त्याचे बाकीचे आकडे माझ्याशी जुळत होते, म्हणून तो माझ्या मातीवर वाचला.

संध्याकाळी मॅडमनं तक्त्यात एक नवा खाना केला, 'त्या दिवशी खरंच मोजलं का?' सगळ्या प्रकल्पांना, सगळ्या देशांना. माझं नाव राहिलं. त्याच्यासमोर चार ठिकाणी 'मोजले नाही' असं आलं, जगजाहीर. कारणाच्या जागी तिनं नागपंचमी लिहिलं. लाह्यांचंही एक वाक्य टाकलं. बायकोचं नाव विचारलं, तेही लिहिलं. हरणे माझ्याशी बोलत नव्हता. मग त्यानं खाने मोजले. माझे चार, त्याचे तीन. "पाह्यलं? माहा एक कमी हाय," म्हणाला आणि बडनेऱ्याच्या गाडीला वेळ आहे म्हणून मला चहा पाजला.

घरी येताना सायकल हातात धरून चालतच आलो. चार वर्षं जे तिला सांगितलं नाही, ते दिल्लीच्या आणि बाहेरदेशातल्या साहेबांना सांगितलं, भाषांतर करून. तिला सांगायला आता भाषा कोणतीही चालली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. तो सुरतेला असतो, साडेसातला रोज करतो. ती गेल्यापासून आमचं बोलणं ठरलेलं आहे. गोळी घेतली का? घेतली. जेवण होते का बरोबर? होते. बरं हाय नं? बरं हाय. मग तो कामाला जातो.

"बरं हाय नं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"काय झालं? छातीत दुखून राह्यलं का?"

"छातीले काही नाही झालं. गोळी दोन दिवस झाले घेतली नाही. काल रात्री मुरमुरे खाल्ले. घरात आलो तं भांडाले कोणी नाही. मले नाही जमून राह्यलं, गा."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मला वाटलं फोन ठेवला.

"मलेही नाही जमून राह्यलं, बाबा," तो म्हणाला. "मी बी रोज तुमाले बरं हाय म्हणतो."

"मंग रोज सकायी फोन कायले करतो लेका? दोघानं मिळून खोटं बोलाले?"

तो हसला. मग रडला. मी दोन्ही ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येतो मी."

"ये. पण सूनबाईले घेऊन ये. तू एकटा आला तं मले दोघायचा सैपाक करा लागन."

फोन ठेवला आणि गोळ्यांचं पाकीट शोधलं. राहिलेल्या दोन दिवसांच्या धरून तीन काढल्या, तळहातावर घेतल्या. मग त्यातली आजची तेवढी गिळली, मागचे दोन दिवस मोकळे सोडले.